सहा आठवड्यांत शिकता येणारी हुशारी

स्मरणाच्या जागतिक स्पर्धेत दहा प्रकार असतात. तासाभरात पाठ होतील तेवढे आकडे, सेकंदाला एक या वेगाने उच्चारलेले अंक, अनोळखी चेहऱ्यांची नावं, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले शब्द, कधीच न घडलेल्या घटनांच्या सनावळ्या, शून्य आणि एक यांच्या नुसत्या रांगा. खरं सांगायचं तर बघणाऱ्याला यातलं बहुतेक सगळं कंटाळवाणं आहे. माणसं कागदाकडे टक लावून बसलीत, यात बघायचं काय? अपवाद एकच, पत्त्यांचा.

स्पर्धकासमोर पिसलेला कॅट पालथा ठेवलेला असतो. आवाज अडवण्यासाठी कानांवर कवचं, कुणाकुणाच्या डोळ्यांना झापडं. इशारा झाला की अंगठ्याखालून पत्ते सरकू लागतात, एकेक नव्हे, बहुतेकांचे दोन-दोन, तीन-तीन. बावन्न पत्ते नजरेखालून गेले की घड्याळ थांबवायचं. मग दुसरा कॅट मिळतो, नीट क्रमाने लावलेला. पहिल्या कॅटचा क्रम आठवून हा दुसरा तसाच लावायचा, त्यासाठी पाच मिनिटं. त्यानंतर पंच दोन्ही कॅट शेजारी-शेजारी ठेवून एकाच वेळी एकेक पत्ता उलटत जातो. इस्पिकची सत्ती, इकडेही सत्ती. चौकटचा गुलाम, इकडेही गुलाम. पहिली चूक दिसली की मोजणी तिथेच थांबते. चाळिसावा पत्ता चुकला तर पुढचे बारा बिनचूक असले तरी त्यांना कुणी विचारत नाही.

१९८७ साली ब्रिटनच्या क्रेटन कार्व्हेलोने हा पराक्रम दूरचित्रवाणीवर २ मिनिटं ५९ सेकंदांत करून दाखवला, तेव्हा बघणारे थक्क झाले होते. त्या थक्क झालेल्यांपैकी एक डॉमिनिक ओब्रायन. घरी कॅट घेऊन तो त्याच्या मागे लागला. १९९१ मध्ये टोनी बुझान आणि रेमंड कीन यांनी लंडनला पहिली जागतिक स्पर्धा भरवली, ती ओब्रायनने जिंकली आणि २००१ पर्यंत एकूण आठ वेळा जिंकली. २००७ मध्ये बेन प्रिडमोर नावाच्या अकाउंटंटने २६.२८ सेकंदांत कॅट संपवला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत हीच वेळ वीस सेकंदांच्याही खाली आली. २०१५ ते २०१७ सलग तीन वर्षं जगज्जेता ठरलेला अ‍ॅलेक्स मलेन हा अमेरिकेतला वैद्यकीय विद्यार्थी. २०१५ च्या स्पर्धेत त्याने एका तासात ३,०२९ अंक क्रमाने लक्षात ठेवले.

तीस वर्षांत तीन मिनिटांवरून वीस सेकंदांच्या आत! माणसाचा मेंदू एवढ्या काळात बदलत नाही. एकपाठी मुलांची नवी पिढी अचानक जन्माला आली, असंही काही झालेलं नाही. बदलली ती रीत, आणि ती एकाची पाहून दुसऱ्याने सुधारली.

रीत जुनीच आहे. ग्रीक कवी सिमोनिडीसची कथा अनेकांनी ऐकली असेल: मेजवानीचं दालन कोसळलं, प्रेतं ओळखू येईनात, आणि कोण कुठे बसलं होतं हे आठवून त्याने एकेकाची ओळख पटवली. दंतकथा असेल, पण रोमन वक्ता सिसेरोने ती सांगितल्यापासून दोन हजार वर्षं टिकली आहे, कारण तिच्यातलं मर्म खरं आहे. माणसाला जागा चांगल्या लक्षात राहतात. म्हणून ओळखीच्या घरातल्या जागा क्रमाने धरायच्या (दार, चपलांचं कपाट, जिना, खिडकी) आणि या खुंट्यांवर लक्षात ठेवायच्या गोष्टी टांगत जायच्या. पत्ते टांगता येत नाहीत, कारण बदामाच्या पंजीला ना चेहरा ना स्वभाव. तेव्हा आधी प्रत्येक पत्त्याला एक माणूस, एक कृती आणि एक वस्तू नेमून द्यायची आणि ती पक्की घोटायची. मग तीन पत्त्यांचं एक चित्र होतं. पहिल्याचा माणूस, दुसऱ्याची कृती, तिसऱ्याची वस्तू: जिन्यात एक विदूषक शिलाई मशीनला गुदगुल्या करतोय. सतरा चित्रं आणि उरलेला एक पत्ता, झाला कॅट पूर्ण. मनातल्या मनात त्या घरातून चालत जायचं आणि दिसेल ते सांगायचं. काही स्पर्धक याहून पुढे जातात. कोणत्याही दोन पत्त्यांच्या क्रमवार जोडीला ते स्वतंत्र चित्र देतात. अशा जोड्या होतात ५२ गुणिले ५१, म्हणजे २,६५२. आधी एवढी चित्रं पाठ करायची, मग स्पर्धेला बसायचं. यात जादू कुठेच नाही, चिकाटी मात्र भरपूर आहे.

हे सगळं एवढ्या तपशिलात सांगायचं कारण असं की या स्पर्धकांबद्दल आपला समज नेमका उलटा असतो. 'यांना देवाने वेगळंच डोकं दिलंय' असं म्हणून आपण मोकळे होतो. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा दहा कसलेल्या स्मरणपटूंची तपासणी केली. त्यांची बुद्धिमत्ता असामान्य नव्हती, मेंदूची ठेवणही इतरांहून वेगळी नव्हती. फरक एवढाच की पाठ करताना मेंदूतले जागा आणि वाटा सांभाळणारे भाग जास्त कामाला लागत होते, आणि दहापैकी नऊ जण वरचीच जागांची रीत वापरत होते. २०१७ मध्ये मार्टिन ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने पाहिलं. स्पर्धेचा गंधही नसलेल्या साध्या माणसांना सहा आठवडे, रोज अर्धा तास ही रीत शिकवली. ७२ शब्दांच्या यादीतले सरासरी २६ शब्द आठवणारी ही माणसं शेवटी ६२ शब्दांवर पोचली. चार महिन्यांनंतरही फायदा बराचसा टिकून होता. जोशुआ फोर हा अमेरिकी पत्रकार २००५ मध्ये राष्ट्रीय स्मरणस्पर्धेचं वार्तांकन करायला गेला होता. वर्षभर तालीम केली आणि २००६ मध्ये तीच स्पर्धा जिंकला.

आता या चित्राची दुसरी बाजू, जी जाहिरातीत कधी दिसत नाही.

कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम चेस आणि अँडर्स एरिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. एक साधा विद्यार्थी, नाव न देता एस. एफ. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा. सेकंदाला एक असे अंक वाचून दाखवायचे आणि त्याने ते क्रमाने परत म्हणायचे. सुरुवातीला त्याला जमायचे सात, म्हणजे तुमच्या-माझ्याइतकेच. जवळपास दीड-दोन वर्षं, दोनशे तासांहून जास्त सराव झाल्यावर तो ७९ अंकांपर्यंत पोचला. कसा? हा मुलगा लांब पल्ल्याचा धावपटू होता. ३, ४, ९, २ ऐकलं की त्याच्या डोक्यात यायचं: तीन मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाच्या जागतिक विक्रमाच्या आसपासची वेळ. जिथे शर्यतीची वेळ बसत नसे तिथे वय: ८९.३ म्हणजे पिकलेला म्हातारा. चार-चार, तीन-तीन अंकांचे असे पुंजके, पुंजक्यांचे मोठे गट, आणि त्यांची उतरंड त्याने स्वतःच रचत नेली.

मग संशोधकांनी अंकांऐवजी अक्षरं दिली. आकडा धाडकन सहाच्या आसपास आला.

इथे क्षणभर थांबायला हवं. शेकडो तास घासूनपुसून जी 'स्मरणशक्ती' तयार झाली, ती शेजारच्या खोलीतसुद्धा गेली नाही. अंकांसाठी जमवलेली सामग्री अक्षरांच्या कामाची नव्हती, म्हणजे वाढलं होतं ते एका कामातलं कसब. स्पर्धकांच्या आयुष्यातही हेच दिसतं. प्रिडमोर हा तीनदा जगज्जेता, पण माणसांची नावं आणि चेहरे आपल्या लक्षात राहत नाहीत, असं तो स्वतःच हसत सांगत आला आहे. फोरने लिहून ठेवलंय की विजयानंतर लवकरच तो मित्रांबरोबर जेवायला गेला आणि मेट्रोने घरी परतला. आपण गाडी घेऊन गेलो होतो हे घरी आल्यावर लक्षात आलं. यात चेष्टेचं काही नाही. गाडी लावताना विदूषक आणि शिलाई मशीन कुणी मनात आणत नाही, आणि न आणल्यास स्मरणपटूचं डोकं आपल्यासारखंच चालतं.

या दोन गोष्टी (कुणालाही शिकता येतं, आणि शिकलेलं दुसरीकडे पसरत नाही) एकत्र ठेवल्या की एक मोठा धंदा उघडा पडतो. मंचावर कुणीतरी डोळ्यांना पट्टी बांधून पन्नास वस्तूंची यादी उलटसुलट म्हणून दाखवतो, टाळ्या पडतात, आणि आईबापांना सांगितलं जातं की आमच्याकडे पाठवा, मुलाची स्मरणशक्ती दुप्पट होईल, गुण वाढतील, एकाग्रता वाढेल. पहिला भाग खरा, दुसरा हवेतला. यादी पाठ करायला शिकवता येतं. त्यातून 'डोकं तल्लख' होतं याला आधार नाही. मोबाइलवरच्या खेळांनी मेंदू तेज होतो, असा दावा करणाऱ्या लुमॉसिटीच्या निर्मात्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये फसव्या जाहिरातींबद्दल धरलं आणि २० लाख डॉलर भरायला लावले. खेळात गुण वाढत होतेच, वाढणारच. आक्षेप होता तो खेळातल्या गुणांवरून शाळेतली, नोकरीतली, म्हातारपणची हमी देण्याला.

पण धंद्याला नावं ठेवून विषय संपत नाही. आईबाप भोळे आहेत म्हणून तिकडे जातात असं मला वाटत नाही. ते जातात कारण त्यांनी हिशेब बरोबर केलेला असतो. परीक्षा ज्या गोष्टीला गुण देते ती गोष्ट पैसे देऊन सुधारता येते, हे त्यांना दिसतं. मग प्रश्न आईबापांना का विचारायचा? परीक्षेला विचारायला हवा.

माझं म्हणणं सरळ आहे. जे कसब सहा आठवड्यांत, रोज अर्ध्या तासाने, कोणत्याही साध्या डोक्याच्या माणसाला शिकवता येतं, ते गुणवत्तेचं माप म्हणून वापरणं अन्यायाचं आहे. दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक तर ते सगळ्यांना फुकट शिकवा, म्हणजे ज्यांच्या घरी पैसे आहेत त्यांनाच फायदा नको. नाहीतर त्याला गुण देणं बंद करा. आज आपण तिसरंच करतो: शाळेत पाठांतराची रीत शिकवत नाही, आणि परीक्षेत पाठांतर मागतो. 'पाठ करून ये' असं सांगितलं जातं. 'पाठ कसं करायचं' याचा एकही तास नसतो. मुलं मग एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसतात, कारण वाचत राहिलं की येतंय असं वाटतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की हे वाटणंच फसवं आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं. पण आठवड्याने पाहिलं तर पुस्तक मिटून स्वतःचीच परीक्षा घेणारे स्पष्टपणे पुढे होते. उजळणी एका दमात उरकण्यापेक्षा दिवस सोडून सोडून करावी, हे तर हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये अर्थहीन अक्षरं स्वतःच पाठ करकरून नोंदवलं होतं. म्हणजे ही माहिती शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे, आणि वर्गात अजून पोचलेली नाही.

परीक्षेतलं पाठांतर म्हणजे शब्दांची यादी नव्हे, असं कुणी म्हणेल. खरंय, सगळं पाठांतर एका जातीचं नाही, आणि इथेच माझ्या बाजूचे बरेच लोक घसरतात. 'सगळं फोनवर मिळतं, डोक्यात काही ठेवायची गरजच काय?' हा त्यांचा आवडता प्रश्न. मला तो पटत नाही. बुद्धिबळाचा जुना प्रयोग घ्या. कसलेल्या खेळाडूला खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर तो बहुतेक सोंगट्या जागच्या जागी मांडून दाखवतो, नवख्याला मोजक्याच जमतात. पण त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या की उस्तादाची मिजास उतरते. तोही जवळपास नवख्याच्या पातळीवर येतो. हे विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये मांडलं. उस्तादाला पट 'आठवत' नसतो, त्याला पट कळत असतो, आणि कळलेलं राहतं. यासाठी हजारो मांडण्या त्याच्या डोक्यात आधीपासून असाव्या लागतात. फोनमध्ये असून चालत नाहीत. पाढे न येणाऱ्या मुलाला अपूर्णांकांचं गणित करताना दर पायरीला ठेच लागते, शब्दसंग्रह नसलेल्याला परक्या भाषेतला परिच्छेद शोधून शोधून वाचावा लागतो आणि शेवटाला येईपर्यंत सुरुवात सुटते. विचार करायला लागणारा कच्चा माल हाताशी हवा, म्हणजे डोक्यात हवा. यावर तडजोड नको.

मग रेघ कुठे मारायची? ज्याचा वापर दुसरं काही समजून घेताना वारंवार होतो, ते डोक्यात. ज्याचा उपयोग फक्त ते येतं हे दाखवण्यापुरता आहे, ते कागदावर. गणितातल्या 'पाय' या संख्येचं (वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, ३.१४... अशी न संपणारी) उदाहरण यासाठी सगळ्यात स्वच्छ. २०१५ मध्ये राजवीर मीना यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून पायचे ७०,००० दशांश अंक म्हणून दाखवले. त्याला सुमारे दहा तास लागले. या चिकाटीपुढे हात जोडावेत. पण अंतराळयानं ग्रहांपर्यंत नेणारी नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आपल्या सगळ्यात काटेकोर गणितात पायचे पंधरा दशांश वापरते. उरलेले ६९,९८५ अंक क्रीडा आहेत, आणि क्रीडा म्हणूनच त्यांचा मान राखावा.

स्मरणपटूंना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. स्पर्धेत पाठ केलेला कॅट ते पुढे जपून ठेवत नाहीत. उलट तो लवकर पुसला जावा म्हणून धडपडतात. एका घरातल्या जागांवर सकाळी एक यादी टांगली आणि दुपारी त्याच जागांवर दुसरी टांगली, तर सकाळचा विदूषक मध्येच डोकावतो. या उरलेल्या चित्रांना स्पर्धक भुतं म्हणतात, आणि ती टाळण्यासाठी वापरलेल्या वाटा काही दिवस रिकाम्या ठेवतात. म्हणजे जगातले सगळ्यात नामांकित लक्षात ठेवणारे विसरण्याची आखणी करतात! लक्षात ठेवणं म्हणजे निवडणं आहे, हे त्यांच्या रोजच्या कामातच येतं.

ज्यांना ही निवड करता येत नाही त्यांचे हाल वाचावेत. सॉलोमन शेरेशेव्हस्की हा मॉस्कोचा पत्रकार. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. कित्येक वर्षांपूर्वी दिलेल्या निरर्थक याद्या तो जशाच्या तशा म्हणे. विसरता यावं म्हणून त्याने त्या कागदावर उतरवून पाहिल्या, कागद जाळूनही पाहिले. अलीकडचं उदाहरण अमेरिकेच्या जिल प्राइस यांचं. २००६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात ए. जे. या आद्याक्षरांनी त्यांच्यावर लेख आला, पुढे त्यांनी स्वतःच आपली ओळख जाहीर केली. किशोरवयापासूनचा जवळपास प्रत्येक दिवस त्यांना आठवतो: वार कोणता, काय घडलं, बातम्यांत काय होतं. गंमत अशी की पाठांतरात त्या सामान्यच होत्या, शाळेतही. आणि एवढं सगळं आठवत असून त्या वर्षानुवर्षं रोजनिशी लिहीत होत्या.

हे रोजनिशीचं मला फार महत्त्वाचं वाटतं. एखादा स्मरणपटू आपल्या दिवसांबद्दल वर्षानुवर्षं नेमाने लिहीत राहिला, नोंदींचा आकडा हजाराच्या घरात गेला, की लोकांना ते विनोदी वाटतं. 'याला लिहून ठेवायची काय गरज?' त्यालाच तर गरज आहे. बावन्न पत्ते क्रमाने लावण्याच्या कसबाने मागच्या मंगळवारी मित्र काय म्हणाला ते आठवत नाही. त्या मंगळवारचं लिहायला बसल्यावर त्यातलं काय टिपायचं, काय सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि ठरवताना तो दिवस दुसऱ्यांदा जगून होतो. लेखन हे स्मरणाचं पांगुळगाडं आहे असं मानणाऱ्यांनी कधी सलग काही लिहिलेलं नसावं. आठवण्याचा याहून चांगला सराव मला माहीत नाही, आणि रोडिगर-कार्पिक यांच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहिलं तर कारणही कळतं: पुस्तक मिटून कागदावर उतरवणं म्हणजे स्वतःची परीक्षा घेणंच आहे.

तेव्हा शाळांनी करायचं काय, याबद्दल माझी मागणी मोठी नाही. वर्षाच्या सुरुवातीचे काही तास अभ्यासाची रीत शिकवायला द्यावेत. जागांची रीत, दिवस सोडून उजळणी, पुस्तक मिटून आठवणं, आठवलेलं स्वतःच्या शब्दांत लिहिणं. मुलांना हे खेळासारखं वाटतं, वीस शब्दांची यादी पहिल्यांदा घडाघडा म्हणता आली की चेहरे फुलतात. जो मुलगा स्वतःला 'ढ' समजत बसला आहे, त्याला हा अर्धा तास काय देईल हे सांगायला नको. ओब्रायनने आपल्या शाळेतल्या दिवसांबद्दल जे सांगितलंय ते असंच आहे, लक्ष न लागणारा, मागे पडणारा मुलगा. त्याला पत्ते वयाच्या तिशीत सापडले. कुणाला ते दहाव्या वर्षी सापडायला हरकत नाही.

मात्र ही रीत शिकवून थांबलो आणि परीक्षा तशीच ठेवली, तर आपण फक्त घोकंपट्टी कार्यक्षम केली असं होईल. म्हणून दुसरी मागणी अधिक महत्त्वाची: परीक्षेत माहितीचा कागद द्या. सूत्रं, सनावळी, व्याख्या, नकाशा. इतिहासाच्या पेपरात तहाची तारीख विचारू नका. तारीख छापून द्या, तहाची दोन कलमं छापून द्या, आणि हरलेल्या बाजूने यातलं कोणतं कलम का मान्य केलं असेल ते लिहायला सांगा. ज्याला काळ माहीतच नाही त्याला असा कागद काहीही देत नाही, हे ज्यांनी पुस्तक उघडून परीक्षा दिली आहे त्यांना विचारा. डोक्यात काही नसलेला विद्यार्थी कागद हाती असून हरवतो, आणि ज्याने विषय वाचलाय तो कागदाकडे फारसा बघतही नाही. पाठांतराची जागा राहील, पण ती उत्तराच्या पोटात राहील.

याला विरोध होईल आणि तो विद्यार्थ्यांकडून होणार नाही. पाठांतर तपासणं सोपं आहे. पत्ता जुळला की नाही, एवढंच पाहायचं असतं. दोन पंचांत मतभेद होत नाहीत, कुणी दाद मागत नाही. कारण विचारणाऱ्या प्रश्नाचं उत्तर तपासायला वाचावं लागतं, दोन तपासनिसांचे गुण जुळत नाहीत, तिसऱ्याला बसवावं लागतं. एका उत्तरपत्रिकेला आज लागतो त्याच्या कित्येक पट वेळ, आणि त्या वेळेचा मोबदला. परीक्षा मंडळं हे उघड बोलत नाहीत; ती 'पाया पक्का हवा' असं म्हणतात. पाया पक्का हवाच. पण मग पायाची परीक्षा वर्गात, दर आठवड्याला, बिनगुणांची घ्या, जिथे तिचा खरा उपयोग आहे, आणि वर्षअखेरच्या पेपरासाठी तपासनिसांची संख्या वाढवा. सगळे विषय एकदम नकोत. इतिहास आणि विज्ञान या दोनच विषयांपासून, एका इयत्तेत सुरुवात करा, माहितीचा कागद परीक्षेच्या महिनाभर आधी मुलांच्या हाती ठेवा, आणि तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा.